अठ्ठावन्न ते सत्तर : निवृत्तीनंतरच्या आरोग्यविम्याचा हिशेब

माणसाची नोकरी संपते त्या दिवशी त्याच्या हाती पडणाऱ्या कागदांत भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज असतो, ग्रॅच्युइटीचा हिशेब असतो, क्वचित एखादे प्रशस्तिपत्रही असते; परंतु उद्या तो अंथरुणाला खिळला तर त्याच्या औषधोपचाराचा भार कोणी वाहावयाचा, या प्रश्नाचे उत्तर देणारा कागद त्या पुडक्यात बहुधा नसतो. भिवंडी तालुक्यातील दिघाशीसारख्या गावांत हा प्रश्न विशेष बिकट होऊन बसतो. या पट्ट्यातील माणसे भातशेती सांभाळून भिवंडीच्या यंत्रमागांवर राबली, आणि अलीकडच्या वर्षांत माणकोली, राहनाळ, पूर्णा, काल्हेर, दापोडे या गावांच्या शिवारांत उभ्या राहिलेल्या गोदामांत हमाल, चालक, पहारेकरी आणि कारकून म्हणून रुजू झाली. अशा खासगी नोकरीतून पुष्कळांना अठ्ठावन्नाव्या वर्षी निरोप मिळतो. त्याच वयापासून कर्मचारी पेन्शन योजनेची रक्कम सुरू होते आणि तिची किमान मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून दरमहा १,००० रुपये इतकी आहे; उलट केवळ वय पाहून, उत्पन्नाची चौकशी न करता मिळणारे केंद्र सरकारचे आरोग्यसंरक्षण मात्र सत्तराव्या वर्षी सुरू होते. मधली बारा वर्षे अशी असतात की त्यांत गुडघे झिजतात, डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो, रक्तदाब आणि मधुमेह घरचे होऊन राहतात आणि हृदयाची पहिली तक्रारही याच काळात पुढे येते. अमेरिकेत १९६५ साली वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’चा कायदा झाला तेव्हा वयाची अट पासष्ट ठरली, आपल्याकडे ती सत्तर ठरली आहे. म्हणून या बारा वर्षांचा बंदोबस्त ज्याचा त्यानेच विचारपूर्वक करावयास हवा.

असा विचार करू लागलेला मनुष्य प्रथम विमा कंपनीच्या एजंटाकडे जातो, आणि माझ्या मते येथेच सारा क्रम उलटा होतो. ज्याची पेन्शन वर्षाकाठी १२,००० रुपये आहे त्याने त्याहून मोठा हप्ता भरून खासगी पॉलिसी घ्यावी, आणि कायद्याने जे त्याचे आहेच ते मात्र माहिती नसल्यामुळे वाऱ्यावर सोडावे, ही गोष्ट मला मनस्वी दुःखद वाटते. आधी हक्काचे जे आहे ते पदरात पाडून घ्यावे, त्यानंतर काय उरले, कोठे भगदाड आहे, ते तपासावे, आणि ते भगदाड बुजविण्यापुरतेच काय ते पैसे खर्च करावेत, हा क्रम एकदा मनाशी पक्का केला म्हणजे पुष्कळ गोंधळ आपोआप निवळतो.

हक्काच्या या संरक्षणांपैकी सर्वांत कमी ठाऊक असलेले संरक्षण कर्मचारी राज्य विमा योजनेचे आहे. ज्याला कामगार ‘ईएसआयसी कापतात’ असे म्हणतात ती ही योजना. १९४८ साली, ज्या वर्षाच्या ५ जुलैला ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेचा आरंभ झाला, त्याच वर्षी स्वतंत्र भारताने आपल्या कामगारांसाठी हा कायदा केला. त्याच्या मुळाशी प्राध्यापक बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली सादर केलेला अहवाल होता, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते योजनेचे उद्घाटन झाले. दहा किंवा अधिक माणसे कामास असलेल्या आस्थापनांतील, दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारांना ती लागू होते. कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के अशी वर्गणी जुलै २०१९ पासून घेतली जाते. येथपर्यंतची माहिती कामगारांना असते. पुढची बहुतेकांना नसते. ज्या कामगाराने किमान पाच वर्षे विमाधारक म्हणून काढली आहेत आणि जो निवृत्तीच्या वयास पोहोचून नोकरीबाहेर पडला आहे, त्याला स्वतःसाठी आणि पतीसाठी वा पत्नीसाठी ही वैद्यकीय सेवा पुढे चालू ठेवता येते, आणि त्यासाठी नियमांनी ठरविलेली वर्गणी वर्षाला १२० रुपये, म्हणजे दरमहा दहा रुपये, एवढीच आहे. निवृत्तीचे वय नोकरीच्या करारात ठरलेले असेल तर ते, आणि ठरलेले नसेल तर साठ वर्षे, असे नियमांत धरलेले आहे.

या १२० रुपयांत काय मिळते, ते सावकाश पाहण्याजोगे आहे. खासगी पॉलिसी असो वा सरकारच्या इतर योजना असोत, त्यांपैकी जवळजवळ सर्व रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच जाग्या होतात. रोजच्या गोळ्यांचा, महिन्याच्या तपासणीचा, डॉक्टरांच्या फीचा खर्च त्यांच्या कक्षेबाहेर राहतो. राज्य विम्याच्या दवाखान्यात मात्र बाह्यरुग्ण म्हणून तपासणी आणि औषधे मिळतात, आणि आजार वाढला तर योजनेच्या रुग्णालयाकडे चिठ्ठी मिळते. आपल्या बाजूस ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, उल्हासनगरला आणि मुलुंडला अशी रुग्णालये आहेत. तेथील गर्दी, औषधांचा अधूनमधून पडणारा तुटवडा आणि दिघाशीहून ठाण्यापर्यंतचे अंतर या अडचणी खऱ्याच आहेत, आणि त्या लपविण्यात अर्थ नाही. तथापि आयुष्यभर रक्तदाबाच्या गोळ्या घ्याव्या लागणाऱ्या जोडप्याला वर्षभराची औषधे आणि डॉक्टर दहा रुपये महिन्याने मिळणे, ही गोष्ट त्या अडचणींच्या तुलनेत कितीतरी मोठी आहे. हप्ता भरून मिळणारे याहून स्वस्त संरक्षण या देशात दुसरे असेल असे मला वाटत नाही. ही सेवा चालू ठेवण्याचा अर्ज नोकरी संपल्यानंतर आळसात लोटू नये. पावसाळ्यापूर्वी घर शाकारून घ्यावे तसा तो निवृत्तीच्या आधीच्या महिन्यांतच तयार करावा, कारण मालकाचा दाखला, वर्गणीचा हिशेब आणि विमा क्रमांक यांची रुजवात नोकरीत असताना सहज होते, आणि पुढे गोदामाचा ठेकेदार बदलला, कंपनीचे नाव बदलले, की तोच कागद मिळविण्यास महिनोन्महिने खेटे घालावे लागतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आल्यामुळे जुन्या कायद्याची कलमे नव्या चौकटीत आली आहेत. म्हणून अर्ज करताना वर्गणीची चालू रक्कम आणि बाहेरच्या रुग्णालयातील उपचारांची मर्यादा या दोन गोष्टींची खातरजमा कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या शाखेत करून घ्यावी.

दुसरा हक्क सर्व महाराष्ट्राचा आहे. २ जुलै २०१२ रोजी राज्याच्या आठ जिल्ह्यांत ‘राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना’ सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ मध्ये ती सर्व जिल्ह्यांत पोहोचली, आणि २०१७ पासून ती महात्मा ज्योतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. प्रारंभी ती पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेपुरती होती आणि संरक्षण दर कुटुंबास वर्षाला दीड लाखाचे होते. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ही दोन्ही बंधने सैल झाली. पांढऱ्या शिधापत्रिकेचे कुटुंबही आत आले, आणि संरक्षणाची रक्कम दर कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपये झाली. ही सुधारित योजना १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्या निर्णयात १,३५६ उपचारांची यादी होती. पुढे ती आणखी वाढविण्यात आली. या योजनेत वयाची अट नाही, पूर्वीपासून असलेल्या आजाराला प्रतीक्षाकाळ नाही, आणि हप्ता भरावयाचा नाही. तो सरकार सोसते. म्हणजे अठ्ठावन्न ते सत्तर ही जी दरी मी वर वर्णिली, ती महाराष्ट्रापुरती कागदावर तरी बुजलेली आहे. कागदावरची ही गोष्ट प्रत्यक्षात उतरावी यासाठी काही गोष्टी मात्र आपणच कराव्या लागतात.

त्यांतली पहिली गोष्ट शिधापत्रिकेची. आईवडिलांचे नाव जुन्या पत्रिकेत, मुलाने घर वेगळे केल्यावर काढलेल्या नव्या पत्रिकेत ते नाही, आणि जुनी पत्रिका बारा आकड्यांच्या संगणकीय नोंदीत चढलेलीच नाही, अशी घरे खेड्यापाड्यांत पुष्कळ आढळतात. आधारवरील नाव आणि शिधापत्रिकेवरील नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी ऐन वेळी खोळंबा होतो. तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत जाऊन ही दुरुस्ती आजारपण येण्यापूर्वी करून ठेवावी. मनुष्य अतिदक्षता विभागात असताना मुलाला रेशनकार्डासाठी भिवंडीला पळावे लागणे, यासारखी दैना नाही. दुसरी गोष्ट रुग्णालयाची. योजनेत अंगीकृत असलेल्या रुग्णालयांतच हा लाभ मिळतो, आणि तेथेही एखादे रुग्णालय हृदयोपचारासाठी अंगीकृत असेल पण अस्थिशल्यक्रियेसाठी नसेल, असे घडते. शिवाय काही उपचार केवळ शासकीय रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले असतात. म्हणून ‘अमुक रुग्णालयात योजना आहे’ एवढ्या ऐकीव माहितीवर न विसंबता, आपल्याला हवा असलेला उपचार तेथे योजनेखाली होतो काय, असे नेमके विचारावे. हे विचारण्यासाठी प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, आणि १५५३८८ हा दूरध्वनी क्रमांक निःशुल्क आहे. दाखल झालेल्या रुग्णाच्या तपासण्या, औषधे, शस्त्रक्रिया आणि भोजन हे सर्व ठरलेल्या रकमेत धरलेले असते. त्याउपर रुग्णाकडून पैसे मागितले गेले, तर तक्रार करण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे, आणि तो बजावताना संकोच बाळगण्याचे कारण नाही.

दिघाशीच्या माणसाला प्रसंग पडला तर तो प्रथम भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयाकडे धाव घेतो, तेथून ठाण्याला किंवा कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात पाठविला जातो, आणि पुढे मुंबईचे शीव किंवा केईएम रुग्णालय हा शेवटचा टप्पा असतो. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यभर धावते. हा मार्ग ओळखीचा असल्यामुळे, त्या वाटेवर कोणती रुग्णालये कोणत्या शाखेसाठी अंगीकृत आहेत याची एक यादी प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या फलकावर लावली, तर किती घरे उपकृत होतील! सार्वजनिक सत्यनारायणाची पत्रिका जितक्या तत्परतेने गावात फिरते, तितक्या तत्परतेने ही यादी फिरावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सत्तरी गाठल्यावर या हक्कांत आणखी एका संरक्षणाची भर पडते. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत २९ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘वय वंदना’ कार्डाची भर पडली; सत्तर वा त्याहून अधिक वयाच्या कोणाही नागरिकाला, तो जमीनदार असो की मजूर, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार त्यायोगे मिळू शकतात. जे कुटुंब आधीपासून आयुष्मान योजनेत आहे त्यातील सत्तरीपारच्या माणसांना ही रक्कम स्वतंत्र मिळते, कुटुंबातील तरुणांशी ती वाटून घ्यावी लागत नाही. पतिपत्नी दोघेही सत्तरीपार असतील तर मात्र दोघांत मिळून एकच पाच लाख. नोंदणीला आधार पुरते. कष्टाच्या कामाने बोटांचे ठसे पुसट झालेल्यांची नोंद मोबाइलवर येणाऱ्या संकेतांकाने किंवा चेहऱ्यावरूनही करता येते. ज्यांच्याजवळ खासगी पॉलिसी आहे किंवा जे कर्मचारी राज्य विमा योजनेत आहेत त्यांनाही हे कार्ड घेता येते. केंद्र सरकारच्या निवृत्तांची सीजीएचएस आणि माजी सैनिकांची ईसीएचएस यांच्या सभासदांना मात्र दोहोंतून एक निवडावे लागते. ज्यांना अशी सुसज्ज योजना लाभली आहे, आणि रेल्वेच्या निवृत्तांची योजनाही त्यातच धरावी, त्यांनी ती सोडण्याचा विचारसुद्धा करू नये. त्यांच्यासाठी या लेखात याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

आता खासगी पॉलिसीकडे वळू. ती कोणी घ्यावी? ज्या घरात पेन्शनखेरीज दुसरे उत्पन्न आहे, ज्यांना अंगीकृत नसलेल्या पण जवळच्या आणि विश्वासाच्या रुग्णालयात उपचार घेण्याची मोकळीक हवी आहे, आणि ज्यांना हप्ता आजच नव्हे तर पंचाहत्तराव्या वर्षीही झेपणार आहे, त्यांनी. ही तिसरी अट मी मुद्दाम घातली आहे, कारण स्वस्त पॉलिसीची निवड पहिल्या वर्षाच्या हप्त्यावरून करणे हा या व्यवहारातील सर्वांत सार्वत्रिक प्रमाद आहे. विमा नियामक प्राधिकरणाने जानेवारी २०२५ मध्ये असा हुकूम काढला की ज्येष्ठ नागरिकांच्या पॉलिसीचा हप्ता प्राधिकरणाशी विचारविनिमय केल्याविना वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढविता येणार नाही. हुकूम स्वागतार्ह खरा. पण दहा टक्के म्हणजे काय, याचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. आज हप्ता ३०,००० रुपये असेल आणि दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढत गेला, तर सात वर्षांत तो जवळजवळ दुप्पट होतो आणि दहा वर्षांनी ७७,८०० रुपयांच्या घरात जातो. बाराव्या वर्षी, नेमकी जेव्हा पॉलिसीची गरज पडते तेव्हा, हप्ता न झेपल्यामुळे ती सोडून द्यावी लागली, तर आधी भरलेले सर्व हप्ते व्यर्थ गेले असेच म्हणावे लागेल. एक दिलासा अलीकडे मिळाला आहे: वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य पॉलिसींवरील अठरा टक्के वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला.

पूर्वी पासष्टी उलटलेल्या माणसाला पुष्कळशा कंपन्या दारात उभे करीत नसत. एप्रिल २०२४ पासून प्राधिकरणाने वयाची ती मर्यादा काढून टाकली आहे. याचा अर्थ कंपनीने प्रत्येकाला पॉलिसी दिलीच पाहिजे असा मात्र नाही; प्रकृती पाहून अर्ज नाकारण्याचा किंवा हप्ता वाढवून मागण्याचा तिचा अधिकार कायम आहे. पूर्वीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ आता अधिकात अधिक तीन वर्षांचा ठेवता येतो, पूर्वी तो चार वर्षांचा असे. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल अशा ठरावीक उपचारांनाही बहुधा दोन वर्षांची वाट पाहावी लागते. म्हणून साठाव्या वर्षी गुडघा दुखू लागल्यावर घेतलेली पॉलिसी त्या गुडघ्याच्या उपयोगी लगेच पडत नाही, आणि फुले योजनेला किंवा वय वंदना कार्डाला असा प्रतीक्षाकाळ नाही, हा फरक पुरता ध्यानात घ्यावा. नोकरीत असताना मालकाची समूह पॉलिसी असेल, तर नोकरी सुटण्यापूर्वीच त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची तजवीज करावी. समूहात काढलेली वर्षे प्रतीक्षाकाळातून वजा होतात, आणि हा लाभ नोकरी सुटून खंड पडल्यावर हातचा जातो.

प्रस्तावपत्र भरताना मधुमेह आहे, रक्तदाब आहे, पूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे, हे सर्व स्पष्ट लिहावे. ‘हे लिहू नका, हप्ता वाढेल’ असा सल्ला देणारा मनुष्य आपला हितचिंतक नव्हे. दावा नाकारला जाईल त्या दिवशी तो रुग्णालयात आपल्या शेजारी उभा असणार नाही. सलग पाच वर्षे पॉलिसी चालली म्हणजे, ठरवून केलेली फसवणूक सोडता, माहिती दडविल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही, असा नियम आहे. परंतु ती पाच वर्षे निर्वेध जातील अशी हमी साठीच्या माणसाला कोण देणार?

दावा मंजूर होऊनही माणूस कसा नाडला जातो, ते एका उदाहरणाने दाखवितो. समजा, तीन लाखांची पॉलिसी आहे; तिच्यात खोलीभाड्याची मर्यादा विमारकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये आहे, आणि प्रत्येक दाव्यात वीस टक्के रक्कम रुग्णाने भरावी, ज्याला को-पे म्हणतात, अशी अट आहे. रुग्णालयात ६,००० रुपयांची खोली मिळाली आणि मुक्काम चार दिवसांचा झाला. खोलीचे २४,०००, डॉक्टरांची फी व शस्त्रक्रियागृह यांचे १,२०,००० आणि औषधे व तपासण्यांचे ५६,००० असे मिळून बिल दोन लाखांचे झाले. खोली मर्यादेच्या दुप्पट भाड्याची घेतली, म्हणून कंपनी खोलीचे निम्मेच, १२,००० रुपये, देते; शिवाय त्याच प्रमाणात डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियागृहाचा खर्चही निम्म्यावर आणते, म्हणजे ६०,०००. औषधे व तपासण्या यांना ही कपात लागू नाही, त्यांचे ५६,००० पूर्ण धरले जातात. बेरीज १,२८,०००, त्यातून को-पेचे २५,६०० वजा जाता कंपनीकडून येतात १,०२,४०० रुपये, आणि रुग्णाच्या खिशातून जातात ९७,६००. घरच्यांनी मात्र ‘तीन लाखांचा विमा आहे, बिल दोनच लाखांचे आहे’ या भरवशावर खोली निवडलेली असते. हप्ता स्वस्त दिसण्याचे कारण पुष्कळदा अशा कलमांत दडलेले असते. पॉलिसीसोबत ग्राहकासाठी माहितीपत्रक देणे कंपनीला बंधनकारक आहे, आणि मागणी केल्यास ते स्थानिक भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळू शकते. ते मागून घ्यावे, खोलीभाडे, को-पे, प्रत्येक आजारावरील मर्यादा आणि प्रतीक्षाकाळ या चार जागा त्यात शोधून वाचाव्यात, आणि न पटल्यास पॉलिसी हाती आल्यापासून तीस दिवसांच्या आत ती परत करावी. नियमानुसार किरकोळ वजावट होऊन पैसे परत मिळतात. माझे स्वतःचे मत विचाराल तर निवृत्त माणसाने मोठ्या विमारकमेपेक्षा खोलीभाड्याचे बंधन नसलेली बेताची पॉलिसी पसंत करावी. वीस टक्के को-पे मात्र, हप्ता त्यामुळे खरोखरच झेपण्याजोगा होत असेल आणि तेवढी रक्कम बँकेत अलग ठेवलेली असेल, तर स्वीकारण्यास हरकत नाही.

ज्यांच्या गाठीशी थोडी पुंजी आहे, अशा निवृत्त शिक्षकासारख्या गृहस्थांना ‘सुपर टॉप-अप’ नावाचा प्रकारही सोयीचा पडतो. वर्षभरातील पहिले तीन किंवा पाच लाख स्वतः सोसावयाचे आणि त्यावरचे कंपनीने द्यावयाचे, असा तो करार असल्यामुळे त्याचा हप्ता पुष्कळ कमी असतो. अट एवढीच की ते पहिले तीन लाख खरोखर हाती असले पाहिजेत. आईवडिलांचा हप्ता मुलगा भरत असेल आणि तो प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत असेल, तर कलम ८०-ड खाली ज्येष्ठ आईवडिलांसाठी ५०,००० रुपयांपर्यंत वजावट त्याला मिळते, मात्र हप्ता रोखीने भरलेला नसावा. नव्या करपद्धतीत ही सवलत नाही.

दावा अन्यायाने नाकारला गेला तर प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी अर्ज करावा. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जावे. तेथे फी नाही, वकील लागत नाही; अर्ज मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत पोहोचला पाहिजे. प्राधिकरणाचा १५५२५५ हा क्रमांकही याच कामासाठी आहे.

या सर्व तरतुदींच्या बाहेर एक मोठा वर्ग उरतो, आणि भिवंडीबद्दल लिहिताना त्याचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. दहाहून कमी माणसांच्या लहान लहान यंत्रमाग कारखान्यांत ज्यांची हयात गेली, ज्यांच्या नावे विम्याची वर्गणी कधी कापलीच गेली नाही, त्यांना १२० रुपयांचा दरवाजा बंद आहे. त्यांच्यासाठी फुले योजना हाच आधार, आणि रोजच्या औषधांसाठी सरकारी दवाखाना आणि जनऔषधी केंद्र. गोदामांतील कंत्राटी कामगारांची स्थिती याहून निराळी आहे. त्यांना कायदा लागू असतो, वेतनातून पैसेही कापले जातात, पण ती वर्गणी आपल्या क्रमांकावर जमा होते आहे किंवा नाही, हे पाहण्याची सवय नसते. ठेकेदार बदलला की नवा क्रमांक, असे करीत एका माणसाच्या नावे तीनचार अपुरे क्रमांक साठतात आणि निवृत्तीच्या वेळी पाच वर्षांचा पुरावा कोणताच एक क्रमांक देत नाही. नियमाने एका माणसाला एकच विमा क्रमांक आयुष्यभर पुरतो. नव्या ठेकेदाराला जुना क्रमांक देणे, हे कामगाराचे काम. आज जो पन्नाशीत आहे, त्याने या आठवड्यातच आपला विमा क्रमांक पगाराच्या चिठ्ठीवरून उतरून घ्यावा, राज्य विमा महामंडळाच्या शाखेत किंवा संकेतस्थळावर जाऊन कोणकोणत्या महिन्यांची वर्गणी जमा आहे ती पाहावी, त्यात पत्नीचे नाव नोंदले आहे काय ते तपासावे, आणि खंड आढळल्यास मालकाकडे व शाखाधिकाऱ्याकडे लेखी कैफियत द्यावी. त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत हे झाले, तर अठ्ठावन्नाला लागणारी पाच वर्षे अजून त्याच्या हातात आहेत.